स्मार्टवॉचची बॅटरी आणि बिनतारी जोडण्या : काय चालू ठेवावे, काय बंद करावे

स्मार्टवॉचची बॅटरी लवकर उतरू लागली की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : ब्लूटूथ बंद करा, वाय-फाय बंद करा, जे जे बंद करता येईल ते सगळे बंद करा. हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि काही घड्याळांच्या बाबतीत तर त्याचा परिणाम उलटाच होतो. आयफोनचे ब्लूटूथ बंद ठेवल्यास ॲपल वॉचची बॅटरी अधिक वेगाने उतरते, असे ॲपल कंपनीच आपल्या ग्राहकांना सांगते. फोनशी असलेली कमी खर्चाची जोडणी तुटली की हे घड्याळ ओळखीचे वाय-फाय शोधू लागते, ते सापडले नाही आणि घड्याळात सिमची सोय असली तर मोबाइल नेटवर्ककडे वळते, आणि या प्रत्येक पायरीवर खर्च वाढत जातो. स्थिर जुळलेली जोडणी थोडक्यात भागते. तुटणारी, पुन्हा जुळणारी आणि शोधत राहणारी जोडणी बॅटरी खाते. सेटिंग बदलताना ‘काय बंद करता येईल’ यापेक्षा ‘घड्याळाला कशाकशाचा शोध घ्यावा लागतो आहे’ हे आधी पाहावे, असा या लेखाचा आग्रह आहे आणि पुढची सगळी कृती त्याच धोरणाने मांडली आहे.

घड्याळाचे ऊर्जेचे अंदाजपत्रक

आजच्या फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी सर्रास असते. घड्याळात मात्र साधारण ३०० एमएएचची बॅटरी बसते. गॅलॅक्सी वॉच ६ च्या लहान आकाराच्या घड्याळात ती ३०० एमएएच आहे, तर पहिल्या पिक्सेल वॉचमध्ये २९४ एमएएच होती. अशा बॅटरीत सुमारे १.१५ वॉट-तास ऊर्जा साठते. ती २४ तास पुरवायची असेल तर पडदा, प्रोसेसर, हृदयगतीचा सेन्सर आणि सर्व बिनतारी यंत्रणा मिळून सरासरी ४८ मिलिवॉटच्या पुढे जाऊन चालत नाही. तेवढीच बॅटरी सात दिवस पुरवायची असेल तर सरासरी सात मिलिवॉटच्या आसपास ठेवावी लागते.

आता बिनतारी यंत्रणांची शक्ती या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. घड्याळ आणि फोन यांच्यातील कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचे प्रक्षेपण साधारण एक मिलिवॉटच्या घरात असते आणि तेही क्षणभरच चालते. एलटीई म्हणजे ४जी मोबाइल नेटवर्क; त्याच्या मानकानुसार सामान्य उपकरणाला २०० मिलिवॉटपर्यंत शक्तीने प्रक्षेपण करण्याची मुभा आहे, आणि ॲन्टेनातून एवढी शक्ती बाहेर पडण्यासाठी बॅटरीतून तिच्या कितीतरी पट अधिक ऊर्जा घ्यावी लागते. शेजारी बसलेल्याशी कुजबुजणे आणि दरीपलीकडच्या माणसाला हाका मारणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. म्हणून घड्याळाचे बोलणे शक्यतो जवळच्या फोनशीच व्हावे आणि दूरच्या टॉवरशी बोलण्याचे काम मोठी बॅटरी असलेल्या फोनने करावे, अशीच या उपकरणांची रचना असते.

पहिली पायरी : मोजल्याशिवाय काही बदलू नये

एकाच वेळी पाच सेटिंग बदलली आणि बॅटरी जास्त टिकली, तर नेमका कशाचा उपयोग झाला हे कळत नाही आणि गरजेची सोय विनाकारण बंद राहते. म्हणून आधी रात्रीची मोजणी करावी. झोपताना बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवावी, सूचनांचा व्यत्यय बंद करावा, हात हलला की पडदा उजळण्याची सोय बंद करावी, फोन नेहमीप्रमाणे त्याच खोलीत ठेवावा आणि सकाळी उठल्याबरोबर पुन्हा टक्केवारी पाहावी. पडदा जवळजवळ पूर्णवेळ बंद असल्याने या वेळात उतरलेली बॅटरी प्रामुख्याने सेन्सर आणि बिनतारी जोडण्यांवर खर्च झालेली असते. त्यामुळे हृदयगती, रक्तातील प्राणवायू आणि झोपेची नोंद यांची सेटिंग मोजणीच्या सर्व रात्री सारखीच ठेवावीत.

मिळालेला आकडा कसा वाचायचा? सात दिवस टिकण्याचा दावा असलेल्या घड्याळाची बॅटरी सरासरीने दिवसाला १४ टक्के, म्हणजे आठ तासांत पाच टक्क्यांच्या आत उतरायला हवी, आणि रात्री तर त्याहूनही कमी. एक दिवस टिकणाऱ्या घड्याळात आठ तासांची सरासरी ३३ टक्के येते, पण दिवसाच्या खर्चात पडद्याचा मोठा वाटा असल्याने रात्रीचा आकडा या सरासरीच्या बराच खाली असावा. घड्याळ नुसते मनगटावर असताना रात्री सरासरीइतकीच किंवा तिच्याहून अधिक बॅटरी उतरत असेल, तर एखादी जोडणी तुटत-जुळत आहे असा दाट संशय घ्यावा. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर लगेच आणि घड्याळ नव्याने जोडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत मोजणी करू नये, कारण त्या काळात पार्श्वभूमीला बरीच जुळवाजुळव चाललेली असते. सेटिंगमधील प्रत्येक बदलानंतर किमान दोन रात्री मोजाव्यात.

दुसरी पायरी : फोनची जोडणी स्थिर करणे

सूचना, पावले आणि हृदयगतीची नोंद यांची देवाणघेवाण ज्या ब्लूटूथवरून होते, तो कमी ऊर्जेचा प्रकार २०१० मध्ये ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीसोबत आला. त्यात दोन्ही उपकरणे ठरलेल्या वेळाने जागी होतात, थोडक्यात बोलतात आणि पुन्हा झोपतात. हा ठराविक अंतराल ७.५ मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत असू शकतो, आणि सांगण्यासारखे काही नसेल तेव्हा मधल्या काही वेळा गाळण्याचीही घड्याळाला मुभा असते. इतकी काटकसर असल्यामुळे ही जोडणी बंद करून फारसे काही वाचत नाही. ती तुटली की मात्र चित्र पालटते. फोनला पुन्हा सापडावे म्हणून घड्याळ तीन राखीव वाहिन्यांवर आपल्या अस्तित्वाची घोषणा करू लागते, सुरुवातीला वेगाने आणि मग हळूहळू; जोडणी जुळली की ओळख पटवणे, सांकेतिक चाव्या तपासणे आणि मधल्या काळातील साचलेली माहिती पाठवणे हे सगळे नव्याने घडते. दिवसभरात असे अनेकदा झाले, तर खर्च लक्षात येण्याइतका वाढतो.

भारतात अँड्रॉइड फोनवर जोडणी तुटण्याचे सर्वांत मोठे कारण घड्याळात नसून फोनमध्ये असते. शाओमी, व्हिवो, ओप्पो, रिअलमी यांसारख्या फोनमधील सॉफ्टवेअर आपली बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतील ॲप आक्रमकपणे बंद करते, त्यात घड्याळाचे ॲपही बंद पडते, आणि फोनने वाचवलेल्या थोड्याशा ऊर्जेची किंमत दहापंधरा पटींनी लहान बॅटरी असलेल्या घड्याळाला मोजावी लागते. यावरचा उपाय असा : फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या यादीतून घड्याळाचे ॲप उघडावे, बॅटरीच्या विभागात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ हा पर्याय निवडावा, ‘ऑटोस्टार्ट’ची सोय असल्यास ती चालू करावी, शेवटी अलीकडे वापरलेल्या ॲपच्या यादीत त्या ॲपला कुलूप लावावे, म्हणजे ‘सगळे बंद करा’ हे बटण दाबल्यावर ते सुटून राहते. माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत जास्त लाभ देणारी कृती हीच आहे, आणि ती घड्याळाला हातही न लावता करता येते.

जोडणी खरोखर टिकून आहे की नाही, हे घड्याळाकडूनच समजते. ॲपल वॉचच्या नियंत्रण केंद्रात हिरवे फोनचिन्ह दिसत असेल तर आयफोनशी जोडणी आहे. निळे वाय-फाय चिन्ह दिसत असेल तर घड्याळ फोनऐवजी वाय-फायवर चालले आहे. गूगलच्या वेअर ओएस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या घड्याळांत फोन तुटला की रेघ मारलेल्या ढगाचे चिन्ह येते. फोन खिशात असतानाही वाय-फायचे किंवा ढगाचे चिन्ह वारंवार दिसत असेल, तर जोडणीत दोष आहे असे समजावे. अशा वेळी जोडणी पूर्णपणे काढून, दोन्ही उपकरणे बंद करून चालू करावीत आणि घड्याळ नव्याने जोडावे.

फोन कोठे ठेवतो यालाही महत्त्व आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते आणि या लहरी पाण्यात, म्हणजे पर्यायाने मानवी शरीरात, मोठ्या प्रमाणात शोषल्या जातात. डाव्या मनगटावर घड्याळ आणि उजव्या बाजूच्या मागच्या खिशात फोन असेल, तर लहरींच्या वाटेत आपलेच शरीर येते. घरी भिंत आड असलेल्या खोलीत फोन चार्जिंगला लावून दिवसभर दुसरीकडे वावरणाऱ्यांच्या घड्याळाची बॅटरी याच कारणाने अधिक उतरते, कारण घड्याळ पल्ल्याच्या अगदी काठावर राहते आणि जोडणी तुटत-जुळत राहते. फोन घराच्या मध्यावर ठेवला तरी फरक पडतो.

तिसरी पायरी : कॉलिंगचे ब्लूटूथ वेगळे ओळखावे

नॉइज, बोट, फायर-बोल्ट अशा भारतीय बाजारातील ‘ब्लूटूथ कॉलिंग’ घड्याळांच्या वापरकर्त्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. या घड्याळांच्या खोक्यावर बहुधा दोन आकडे छापलेले असतात : साध्या वापरात सात किंवा अधिक दिवस आणि कॉलिंगसह दोन-तीन दिवस. एवढी तफावत पडण्याचे कारण असे की, अशा बहुतेक घड्याळांत ब्लूटूथच्या दोन जोडण्या असतात. ॲपमधून जुळणारी पहिली जोडणी कमी ऊर्जेची असते. दुसरी पारंपरिक ब्लूटूथची असते. ती फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून स्वतंत्रपणे, बऱ्याचदा किंचित वेगळ्या नावाने जोडावी लागते, आणि आवाजाची ने-आण तिच्यावरून होते. काही घड्याळांत तर या कामासाठी वेगळी चिप असते.

कॉल चालू असताना आवाज अखंड जावा म्हणून ही जोडणी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा देवाणघेवाण करते, जोडीला लहानसा स्पीकर आणि मायक्रोफोनही चालू असतात. कॉल नसतानाही ती जोडणी टिकवून ठेवण्याचा खर्च कमी ऊर्जेच्या ब्लूटूथपेक्षा अधिक येतो. दिवसातून दोन-तीन कॉल घड्याळावर घेणाऱ्यासाठी ही सोय मोलाची आहे, स्वयंपाक करताना किंवा गाडी पुसताना तिचा उपयोग होतो. पण ज्याने विकत घेतल्यापासून घड्याळावर एकही कॉल घेतलेला नाही, त्याने ती दिवसभर चालू ठेवण्याचे कारण नाही.

कृती सोपी आहे. घड्याळाचा पडदा वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या झटपट पर्यायांत फोन किंवा हेडफोनचे चिन्ह असते. ते दाबून कॉलिंगचे ब्लूटूथ बंद करावे. ॲपमधील सूचना आणि कोणाचा फोन येत आहे हे दाखवण्याची सोय त्यानंतरही चालू राहते, कारण ती पहिल्या जोडणीवरून येते. रात्रीच्या मोजणीत हा फरक स्पष्ट दिसतो.

ज्यांना कॉलिंग हवे आहे त्यांनी निदान गाण्यांचा आवाज घड्याळाकडे जाणार नाही एवढे पाहावे. अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ विभागात घड्याळाच्या नावापुढील दातेरी चाकाचे चिन्ह दाबले की ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ असे वेगवेगळे पर्याय दिसतात. मीडिया ऑडिओ बंद ठेवल्यास फोनवर व्हिडिओ किंवा रील सुरू झाल्यावर घड्याळाचा स्पीकर जागा होत नाही.

चौथी पायरी : सूचनांची चाळणी

सूचना पोहोचवण्यासाठी ब्लूटूथला लागणारी ऊर्जा अगदी किरकोळ असते. मात्र सूचना आली की घड्याळ झोपेतून उठते, कंपन करणारी मोटर फिरते आणि पडदा उजळतो, आणि हा खर्च संदेश वाहून आणण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. सोसायटीचा गट, शाळेचा पालकगट, नातेवाइकांचा गट आणि त्यांतून सकाळी येणाऱ्या शुभेच्छांची चित्रे यांमुळे घड्याळ दिवसातून शेकडो वेळा उठू शकते. घड्याळाच्या ॲपमधील सूचनांच्या यादीत कॉल, संदेश, बँक आणि कामाची एक-दोन ॲप एवढीच ठेवावीत. व्हॉट्सॲप पूर्ण बंद करणे नको असेल तर त्यातील मोठे गट फोनवरच ‘म्यूट’ करावेत, म्हणजे त्यांच्या सूचना घड्याळापर्यंत पोहोचत नाहीत. दर काही मिनिटांनी हवामान किंवा शेअर बाजाराचे आकडे मागवणाऱ्या घड्याळमुखांनाही हेच लागू पडते; साधे घड्याळमुख निवडल्यास फोनशी होणाऱ्या फेऱ्या कमी होतात.

पाचवी पायरी : वाय-फाय

स्वस्त कॉलिंग घड्याळांत वाय-फाय नसतेच, त्यामुळे त्यांच्या वापरकर्त्यांनी हा भाग सोडून द्यायला हरकत नाही. ॲपल वॉच, गॅलॅक्सी वॉच, पिक्सेल वॉच आणि वेअर ओएसच्या इतर घड्याळांत ते असते, आणि मूळ सेटिंगमध्ये फोन ब्लूटूथने जोडलेला असेपर्यंत ते बहुतेक वेळ विश्रांती घेते. गॅलॅक्सी वॉचच्या जोडण्यांच्या विभागात वाय-फायला आपोआप, सतत चालू आणि सतत बंद असे पर्याय मिळतात. यांपैकी ‘आपोआप’ हाच पर्याय बहुतेकांसाठी योग्य आहे. कोणी काही कामासाठी ‘सतत चालू’ केले असेल आणि ते विसरले असेल, तर एक दिवस टिकणारे घड्याळ संध्याकाळपर्यंतच थकते, म्हणून हा पर्याय एकदा उघडून अवश्य तपासावा.

वाय-फायवर जोडलेले घड्याळ काही करत नसले तरी त्याला राऊटरची हाक ऐकण्यासाठी ठरावीक वेळाने जागे व्हावे लागते. राऊटर साधारणपणे सेकंदाला दहा वेळा आपले अस्तित्व जाहीर करतो. त्याहून अधिक खर्च ओळखीचे नेटवर्क शोधण्यात होतो, कारण त्यासाठी एकेक वाहिनी तपासत जावे लागते. म्हणून साठवलेल्या नेटवर्कची यादी छाटावी. घर आणि कार्यालय एवढी दोन नेटवर्क पुरेशी असतात; हॉटेल, मंगल कार्यालय, मित्राचे घर अशी जुनी नावे काढून टाकावीत. ज्या नेटवर्कवर आधी पान उघडून मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकावा लागतो, जसे रेल्वे स्थानकांवरील मोफत वाय-फाय, तेथे ॲपल वॉचसारखे घड्याळ ती प्रक्रिया पुरी करू शकत नाही. अशी नेटवर्क घड्याळासाठी निरुपयोगीच असतात.

घरच्या राऊटरबाबत एक खबरदारी घ्यावी. जुनी घड्याळे, उदाहरणार्थ ॲपल वॉचच्या पाचव्या मालिकेपर्यंतची सर्व, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ओळखतात. वेगासाठी राऊटरवर केवळ ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा चालू ठेवला असेल तर अशा घड्याळाला घरचे नेटवर्क कधीच सापडत नाही. नवीन घड्याळांनाही दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्‌झच अधिक भरवशाचा ठरतो.

मोठी फाइल उतरवायची असेल तेव्हा मात्र वाय-फाय हाच काटकसरीचा मार्ग आहे. गाण्यांचे संच, नकाशे आणि सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या ब्लूटूथवरून आणायच्या तर घड्याळाला फार वेळ जागे राहावे लागते. वाय-फायवर ते काम थोडक्यात संपते. ही कामे घड्याळ चार्जरवर असताना करावीत.

सहावी पायरी : सिमची घड्याळे

ई-सिम असलेल्या घड्याळांत मोबाइल नेटवर्क हा सर्वांत महागडा मार्ग आहे, आणि उत्पादकांच्या आकड्यांतच ते दिसते. ॲपल वॉचच्या तिसऱ्या मालिकेसाठी कंपनीने बोलण्याचा वेळ आयफोनशी जोडलेले असताना ३ तास आणि एलटीईवर १ तास असा दिला होता. अठरा तास टिकण्याच्या कंपनीच्या प्रसिद्ध दाव्यातही अनेक मालिकांसाठी केवळ ४ तास एलटीई आणि उरलेले १४ तास आयफोनची ब्लूटूथ जोडणी धरलेली असते. दिवसभर फोन घरी ठेवून फिरणाऱ्याला अठरा तास मिळत नाहीत, यात घड्याळाचा दोष नसतो.

एलटीईचा खर्च दोन गोष्टींनी वाढतो. पहिली म्हणजे माहितीची देवाणघेवाण संपल्यावरही रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही सेकंद जागाच राहतो. त्यामुळे दर दोन मिनिटांनी येणारे तीस छोटे संदेश एकदम आलेल्या तीस संदेशांपेक्षा कितीतरी महाग पडतात. दुसरी आणि अधिक गंभीर गोष्ट म्हणजे क्षीण सिग्नल. टॉवर दूर असला की घड्याळ प्रक्षेपणाची शक्ती वाढवत नेते, आणि सिग्नल पूर्ण गेला की वेगवेगळ्या पट्ट्यांत पुन्हा पुन्हा शोध घेते. सह्याद्रीतील घाटवाटा, कोकण रेल्वेचे लागोपाठचे बोगदे, इमारतींची तळघरातील वाहनतळे आणि जाड भिंतींचे जुने वाडे ही अशा खर्चाची हमखास ठिकाणे आहेत.

म्हणून मोबाइल नेटवर्कचे सेटिंगही ‘आपोआप’ ठेवावे, म्हणजे फोन जवळ असताना एलटीई झोपलेले राहते. जेथे सिग्नल नाही हे आधीच माहीत आहे, तेथे ते हाताने बंद करावे. गडावर जाताना फोन विमान मोडमध्ये टाकून त्याचे ब्लूटूथ पुन्हा चालू करावे आणि घड्याळाचे एलटीई बंद ठेवावे. दोन्ही उपकरणांचा टॉवरचा शोध थांबतो आणि त्यांची आपसातील जोडणी टिकते. मात्र माथ्यावर किंवा सिग्नल मिळणाऱ्या टप्प्यावर फोनचे नेटवर्क चालू करून घरी कळवावे आणि सोबतच्या किमान एका व्यक्तीचा फोन चालू राहील असे पाहावे. पोहताना पाण्याखाली या लहरी पोहोचतच नाहीत, तेव्हा पोहण्याच्या वेळेपुरता घड्याळावर विमान मोड चालू करणे हिताचे असते. फोन घरी ठेवून धावायला जाणाऱ्यांनी गाणी एलटीईवरून ऐकण्याऐवजी आदल्या रात्री घड्याळात उतरवून ठेवावीत.

येथे एक अपवाद ठामपणे सांगितला पाहिजे. घरातील वयस्कर व्यक्तीला पडल्यास आपोआप मदत मागता यावी या हेतूने घड्याळ दिले असेल, तर बॅटरी वाचवण्यासाठी त्याच्या जोडण्या बंद करू नयेत. ॲपल वॉचच्या चौथ्या मालिकेपासून ही सोय आहे आणि वय ५५ किंवा अधिक नोंदवलेले असल्यास ती आपोआप चालू होते. पण मदतीचा कॉल जाण्यासाठी जवळ फोन तरी हवा किंवा घड्याळाला स्वतःचे नेटवर्क तरी हवे. अशा व्यक्तीसाठी एलटीई चालू ठेवून दिवसातून दोनदा, सकाळी आंघोळीआधी आणि रात्री जेवताना, घड्याळ चार्जिंगला लावण्याची सवय लावून द्यावी. स्नानगृहात पडण्याचा धोका मोठा असतो, म्हणून चार्जिंग आटोपल्यावर घड्याळ घालूनच आंघोळीला जावे. त्यासाठी ते पाण्यात चालणारे आहे याची खात्री करून घ्यावी.

सातवी पायरी : जीपीएस

जीपीएस काहीही प्रक्षेपित करत नाही, फक्त ऐकते. तरीही ते बॅटरी भरपूर घेते, कारण सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारे अत्यंत क्षीण संकेत सतत वेचून त्यांवर गणित करावे लागते. उपग्रह आपली माहिती सेकंदाला केवळ ५० बिट या वेगाने पाठवतात. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील मिळायला अर्धे मिनिट आणि सर्व उपग्रहांची स्थूल यादी मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. घड्याळाने हाच तपशील फोनमार्फत इंटरनेटवरून आधी घेतला असेल तर स्थान काही सेकंदांत सापडते. म्हणून धावायला निघण्यापूर्वी ॲप उघडून घड्याळ एकदा जुळवून घ्यावे आणि मोकळ्या आकाशाखाली स्थान पक्के झाल्यावरच नोंद सुरू करावी.

किती उपग्रहप्रणाली (जीपीएस ही त्यांपैकी एक) आणि किती वारंवारिता वापरायच्या, हे सेटिंग येथे सर्वांत निर्णायक आहे. गार्मिनच्या फोररनर २५५ या घड्याळासाठी कंपनीने दिलेला वेळ केवळ जीपीएसवर ३० तास आणि सर्व प्रणाली व अनेक वारंवारितांसह १६ तास असा आहे. मरीन ड्राइव्हसारख्या उघड्या रस्त्यावर किंवा गावाकडच्या माळावर केवळ जीपीएस पुरते. उंच इमारतींच्या गल्ल्या, दाट जंगल आणि खोल दरी येथे संकेत परावर्तित होऊन चुका वाढतात, तेथे अधिक अचूक पर्याय निवडणे योग्य ठरते. घड्याळात स्वतः निवड करणारा पर्याय असल्यास तोच ठेवावा. दोन दिवसांच्या पदभ्रमणात दर मिनिटाला किंवा त्याहून विरळ स्थान नोंदवणारा बचतीचा पर्याय आकर्षक वाटतो, पण वळणावळणाच्या वाटेवर तो अंतर कमी दाखवतो. परतीची वाट शोधण्यासाठी त्यावर विसंबू नये.

स्वस्त घड्याळांत जीपीएस बहुधा फोनचेच वापरले जाते. तेथे घड्याळाची बॅटरी वाचते, फोनची उतरते. स्थान मागणारी हवामान, नकाशा वगैरे ॲप मात्र कोणत्याही घड्याळात तपासावीत आणि त्यांना ‘ॲप वापरताना’ एवढीच परवानगी ठेवावी.

एनएफसी आणि रात्रीचा विमान मोड

पैसे देण्यासाठीचे एनएफसी फक्त काही सेंटिमीटर अंतरावर आणि वापराच्या क्षणी काम करते. ते बंद करून बॅटरीत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

रात्री विमान मोड लावावा का, हे घड्याळानुसार ठरते. ॲपल वॉचमध्ये विमान मोड लावल्यावर वाय-फाय आणि मोबाइल नेटवर्क बंद होतात, ब्लूटूथ मूळ सेटिंगनुसार चालूच राहते. त्यामुळे सिमच्या घड्याळात याचा उपयोग होतो. ज्या घड्याळांत विमान मोडमध्ये सर्वच जोडण्या बंद होतात, तेथे सकाळी सर्व नोंदी एकदम फोनकडे जातात, आणि त्यात फारसे नुकसान नसते. झोपेची नोंद सेन्सरवरून घड्याळातच होत असल्याने तिच्यात खंड पडत नाही. मात्र ज्यांना रात्री-अपरात्री महत्त्वाचा कॉल येण्याची शक्यता आहे त्यांनी विमान मोडऐवजी ‘व्यत्यय नको’ हा पर्याय वापरावा आणि ठरावीक क्रमांकांना त्यातून सूट द्यावी.

सेटिंगने सुटत नाही तेव्हा

वरील सर्व पायऱ्या करूनही रात्रीचा आकडा खाली येत नसेल, तर घड्याळ एक रात्र सर्व जोडण्या बंद करून मोजावे. तरीही बॅटरी तेवढ्याच वेगाने उतरत असेल तर दोष बिनतारी जोडण्यांत नाही. सतत उजळलेला पडदा, सारखी चालणारी रक्तातील प्राणवायूची मोजणी किंवा एखादे अडकलेले ॲप यांकडे त्यानंतर वळावे. दोन-तीन वर्षे वापरलेल्या घड्याळात बॅटरीचे वय हेही कारण असू शकते. ॲपल वॉचची बॅटरी १००० पूर्ण चार्जिंग फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत क्षमता राखेल अशी बनवलेली असते, आणि घड्याळाच्या सेटिंगमध्ये बॅटरीच्या विभागात सध्याची कमाल क्षमता टक्केवारीत दिसते. ती ८० च्या खाली गेली असेल तर अधिकृत सेवा केंद्रातून बॅटरी बदलून घ्यावी, आणि बदलल्यानंतर पहिल्या पायरीतील रात्रीची मोजणी नव्याने करून तो आकडा पुढील तुलनेसाठी लिहून ठेवावा.